आजीवन शिक्षण आणि करिअर गायडन्स: देशादेशांच्या बैठकांतून खरंच काही निघतं का?

अर्धवट_नोंदी

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. एका तुलनात्मक अभ्यासासाठी वेगवेगळ्या देशांची आजीवन शिक्षणाची आणि करिअर गायडन्सची धोरणं वाचायला घेतली आहेत आणि खरं सांगायचं तर डोकं भणभणलंय. युनेस्को, ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची आर्थिक सहकार्य संघटना), आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना), युरोपियन युनियन, कोणाचाही कागद उचला, आत तेच. सल्ला आयुष्यभर मिळाला पाहिजे, सगळ्यांच्या आवाक्यात हवा, दर्जा हवा, खात्याखात्यांत समन्वय हवा. यात न पटण्यासारखं काहीच नाही आणि हीच तर अडचण आहे, ज्याला कोणीच नाही म्हणत नाही ते कोणी करतही नाही असा माझा संशय.

तर प्रश्न असा की एका देशाचा अनुभव दुसऱ्याच्या कामी आला आणि त्यामुळे चाळिशीत नोकरी गेलेल्या किंवा लाईन बदलू बघणाऱ्या माणसाला प्रत्यक्षात काही वेगळं मिळालं, असं एखादं ठोस उदाहरण आहे का? की सगळे कागदी घोडेच? लिंका नकोत प्लीज, त्या माझ्याकडे ढीगभर आहेत. कसं घडलं ते सांगा.

खडू_फळा

ताई, चांगला विषय काढलात. कागदी घोडे म्हणायच्या आधी थोडं मागे जाऊ. आयएलओची व्यवसाय मार्गदर्शनावरची शिफारस १९४९ सालची आहे, आणि १९७५ च्या करार क्र. १४२ मध्ये मुलं, तरुण आणि प्रौढ तिघांचाही उल्लेख आहे, म्हणजे कागदावर प्रौढ माणूस तेव्हापासून आहेच. पण प्रत्यक्षात काय चाललंय हे शेजारी शेजारी ठेवून बघितलं गेलं ते २००१ ते २००३ मध्ये, ओईसीडीने १४ देशांची पाहणी केली तेव्हा. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे प्रश्नावली. तीच प्रश्नावली घेऊन जागतिक बँक, आणि सेडेफॉप व ईटीएफ या युरोपियन युनियनच्या व्यवसाय-प्रशिक्षणावरच्या दोन संस्था यांनी बाकीच्या देशांत पाहण्या केल्या, त्यामुळे पहिल्यांदाच तीसहून जास्त देशांची उत्तरं एकमेकांशी ताडून बघता आली, नाहीतर तोवर जो तो आपलंच कौतुक सांगायचा.

आणि चित्र बहुतेक ठिकाणी सारखंच निघालं. शाळा सोडणाऱ्या पोरांसाठी काहीतरी आहे, बेकार म्हणून नोंद झालेल्यांसाठी काहीतरी आहे, आणि मधला जो नोकरीत आहे पण ती नोकरी टिकेल की नाही याची ज्याला खात्री नाही तो कोणाच्याच खात्यात बसत नाही. शिक्षण खातं म्हणतं हा आमचा विद्यार्थी नाही, रोजगार खातं म्हणतं हा बेकार नाही, मग टोलवाटोलवी. त्यानंतर युरोपियन युनियनच्या कौन्सिलचे, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेचे, ठराव आले, २००४ चा आणि २००८ चा. तुम्ही जी चार कलमं वैतागून लिहिलीत ना, ती जवळपास २००८ च्या ठरावातलीच आहेत, फक्त सल्ला आयुष्यभर मिळण्याच्या जागी तिथे करिअर सांभाळण्याची कौशल्यं आहेत.

मग ते राबवायला ईएलजीपीएन नावाचं, गायडन्सच्या धोरणावर काम करणारं युरोपातल्या देशांचं नेटवर्क, २००७ ते २०१५, समन्वय फिनलंडच्या युवॅस्कुला विद्यापीठातून. याच्याही आधीपासून, १९९९ ला ओटावात सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदा आहेत, तिथे एकटा अधिकारी न बोलावता देशाची टीम बोलावतात, धोरणवाले, प्रत्यक्ष सल्ला देणारे, संशोधक. माझं मत विचाराल तर अर्धा फायदा तिथेच आहे. आपल्याच देशातले हे लोक एरवी एका टेबलाशी बसतच नाहीत, परदेशात जाऊन बसतात.

रोखठोक

खडूसर, माहिती छान पण ताईंच्या प्रश्नाचं उत्तर कुठाय? परदेशात जाऊन एका टेबलाशी बसले, बरं, मग परत येऊन काय केलं? ये रे माझ्या मागल्या.

मुळात कौन्सिलचा ठराव कोणावर बंधनकारक नसतो. शिक्षणाच्या बाबतीत युरोपियन युनियनच्या करारातच लिहिलंय की सदस्य देशांचे कायदे एकसारखे करायचे नाहीत, म्हणजे वरून हुकूम सोडायची सोयच नाही, एकमेकांचं बघून शिका एवढंच. आणि ते नेटवर्क २०१५ ला गुंडाळलं. जाताना मार्गदर्शक तत्त्वांचं जाडजूड पुस्तक दिलं. पुढे सेडेफॉपने तज्ज्ञांचं करिअर्सनेट नावाचं नेटवर्क उभं केलं, ते देशोदेशीचे अहवाल गोळा करतं, चांगलंय, पण मंत्रालयांनी आपापसात बसणं वेगळं आणि तज्ज्ञांनी रिपोर्ट लिहिणं वेगळं. दोन्हींना सहकार्यच म्हणतात म्हणून फरक दिसत नाही.

पडद्याआडून

मी स्वतः प्रौढांना सल्ला देण्याच्या कामात आहे म्हणून लिहितेय. एक उदाहरण आहे, मात्र ते यशाचं कमी आणि ठेच लागून शहाणं होण्याचं जास्त आहे.

इंग्लंडने सप्टेंबर २००० मध्ये प्रत्येकाला शिकण्यासाठी वैयक्तिक खातं अशी योजना काढली, पहिल्या १० लाख खात्यांना १५० पौंडांची मदत. कल्पना फार मोहक होती, माणसाच्या हातात पैसा द्या, तो आपला आपण कोर्स निवडेल, मधे सरकार नको. कोर्स देणाऱ्यांची मात्र म्हणावी तशी तपासणीच नव्हती, कोणीही उठून नोंदणी करायचा. १० लाखांचं उद्दिष्ट होतं, २६ लाख खाती उघडली गेली, आणि बोगस बिलांचे प्रकार इतके वाढले की नोव्हेंबर २००१ मध्ये योजना घाईघाईने बंद करावी लागली. कोणता कोर्स आपल्या कामाचा हे सांगणारं माणूस त्या रचनेत अनिवार्य नव्हतंच.

फ्रान्सने २०१५ मध्ये सीपीएफ नावाचं, असंच शिकण्यासाठीचं वैयक्तिक खातं आणलं. ते आधी तासांत मोजायचे, २०१९ पासून युरोत, साधारण वर्षाला ५०० युरो जमा आणि ५,००० ची मर्यादा, कमी शिकलेल्यांना ८०० आणि ८,०००. ॲपवरून थेट कोर्स घेता येतो. मग काय, फोनांचा भडिमार सुरू झाला, तुमच्या खात्यात पैसे पडून आहेत, संपवा लवकर. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये फोन-मेसेजवरून असं गिऱ्हाईक गाठण्यावर कायद्याने बंदी घालावी लागली. गंमत म्हणजे फ्रान्सकडे मोफत सल्ल्याची सेवा होती, २०१४ च्या कायद्यातच आहे ती, पण खातं वापरायच्या आधी तिथे जायलाच हवं असं नाही, आणि ॲप हातात असताना सल्लागाराकडे कोण जातंय.

आता सहकार्याचा भाग. ओईसीडीने २०१९ मध्ये या खात्यांचा देशोदेशीचा अनुभव एकत्र तपासला. आणि जून २०२२ मध्ये युरोपियन युनियनच्या कौन्सिलने वैयक्तिक शिक्षण खात्यांची शिफारस केली तेव्हा नुसतं खातं सुचवलं नाही. त्यासोबत तपासलेल्या कोर्सेसची सार्वजनिक यादी, आधीच्या अनुभवाला मान्यता, आणि करिअर गायडन्स, हे सगळं एकाच चौकटीत ठेवलं. २००० साली हे तीन सुटे विषय होते. रोखठोक म्हणतात तसं हेही बंधनकारक नाहीच, पण उद्या एखाद्या देशाने फक्त खातं काढायचं ठरवलं तर तिथल्याच अधिकाऱ्याला बैठकीत हा कागद पुढे सरकवता येतो आणि साहेबांना तो वाचल्याशिवाय फेकता येत नाही. कामाच्या ठिकाणी असं होताना मी बघितलंय, म्हणून म्हणते.

रोखठोक

हे पटलं. म्हणजे दुसऱ्याच्या ठेचा गोळा करणं हाच उपयोग म्हणायचा, यशोगाथा नव्हे. तसंही कुठल्याही देशाचं शिष्टमंडळ आमची योजना फसली हे सांगायला विमानात बसत नाही.

नवखा_निरीक्षक

यशोगाथेच्या बाबतीत थोडं वेगळं म्हणायचंय. इंग्लंडमधले गॅट्सबी बेंचमार्क्स, म्हणजे शाळांतल्या करिअर गायडन्सचे निकष, २०१४ सालचे. त्यासाठी जाऊन बघितलेल्या ठिकाणांत नेदरलँड्स, जर्मनी, फिनलंड, आयर्लंड, कॅनडा आणि हाँगकाँग होते, आणि त्यातून शाळांसाठी आठ निकष काढले. ते नंतर सरकारी धोरणातही आले. म्हणजे बघून शिकणं होतं हो, अगदी शिस्तीत होतं.

पण निकष उचलता येतात, माणसं उचलता येत नाहीत. फिनलंडमध्ये गायडन्स हा वेळापत्रकातला भाग आहे आणि शाळेत त्यासाठी पात्रता असलेले समुपदेशक असतात, हे तिथे काही दशकं मुरलेलं आहे. दुसरीकडे तोच निकष गेला की एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात आणखी एक काम पडतं आणि फॉर्मवर टिकमार्क. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. त्यामुळे जवळपास सारखी यंत्रणा असलेल्यांची देवाणघेवाण जास्त फळते असं माझं निरीक्षण. नॉर्डिक देश बघा, डेन्मार्कने २०११ मध्ये फोन-चॅटवरून सल्ला द्यायला सुरुवात केली, नॉर्वेत तशी राष्ट्रीय सेवा २०२० मध्ये आली. तिथे प्रौढ शिक्षणाचं समाईक नेटवर्क आधीपासून आहे, प्रशिक्षित सल्लागार आहेत, खर्च कोणी करायचा हा वाद मिटलेला आहे, त्यामुळे नवीन काय ते फक्त माध्यम.

अर्धवट_नोंदी

सगळ्यांचे आभार, पडद्याआडून यांचा प्रतिसाद तर प्रिंट काढून ठेवण्यासारखा. एक उपप्रश्न. हे सगळं युरोपच्या आसपासच फिरतंय. जिथे बहुतेक लोक असंघटित कामात आहेत, पगाराची स्लिपच नाही, तिथे हे सहकार्य कशाच्या जोरावर?

खडू_फळा

दुखरी नस पकडलीत. युनेस्को, आयएलओ, ओईसीडी, सेडेफॉप, ईटीएफ आणि युरोपियन कमिशन यांनी मिळून २०१९ मध्ये करिअर गायडन्सवर एक संयुक्त पत्रक काढलं, २०२१ मध्ये सुधारलं, आणि मधे २०२० मध्ये साथीच्या काळातल्या सेवांची संयुक्त पाहणीही केली. त्यात युरोपबाहेरचे देश आहेत. पण असंघटित कामगाराच्या बाबतीत नुसता सल्ला देऊन भागत नाही, त्याच्याकडे जे कौशल्य आहे त्याला कागद मिळवून देणं हे आधी. त्यामुळे तिथे पूर्वानुभवाची मान्यता हाच गायडन्सचा दरवाजा असायला हवा असं माझं ठाम मत.

दुसरं, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. प्रौढ शिक्षणाची जी जागतिक परिषद युनेस्को घेते, १९४९ ला एल्सिनोरला सुरू झालेली, अलीकडची २०२२ ला मराकेशला, तिचं जग साक्षरता, समाजशिक्षण, निरक्षर बायांचे वर्ग असं आहे. करिअर गायडन्सवाल्यांच्या परिषदा वेगळ्या, १९५१ पासूनची त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना वेगळी. दोघंही आजीवन शिक्षण म्हणतात, पण एकमेकांच्या मांडवात सहसा दिसत नाहीत. ज्या देशांत असंघटित कामगार जास्त आहेत तिथे पोचायला खरं तर प्रौढ शिक्षणवाल्यांचीच वाट आहे, गावोगावचे वर्ग, केंद्रं, ओळखीची माणसं.

पडद्याआडून

+१. आणि ताई, अभ्यासासाठी एक सुचवते. प्रत्येक देशाच्या धोरणात सल्लागाराचा पगार कोणत्या खात्याच्या बजेटमधून येतो तेवढं एक कॉलम करून भरत जा. शिक्षण, रोजगार, स्थानिक प्रशासन, की प्रकल्पाचा तात्पुरता निधी. शेवटचं उत्तर आलं की तिथे प्रकल्प संपल्यावर काय उरलं ते मुद्दाम शोधा.

अर्धवट_नोंदी

हे भारी आहे, आजच टेबल करायला घेते. जिथे उत्तरच सापडणार नाही तिथे काय लिहू, "लागू नाही"?

रोखठोक

"लागू नाही" नका लिहू, रिकामं सोडा. किती रिकामं राहतंय ते दिसू दे.