४१ कोटी आणि नोट क्रमांक ३४

जमाखर्ची:
एका छोट्या कंपनीचा वार्षिक अहवाल मेलवर आला. माझे शेअर मूठभरच, पण सवयीने उघडला. नेटवर्थ, म्हणजे देणी वजा जाता उरणारी मालमत्ता, ६२ कोटी, वर्षाचा नफा ९ कोटी, पहिल्या पानांवर अध्यक्षांचा हसरा फोटो. मग पान १४७, हिशेबांना जोडलेल्या खुलाशांपैकी नोट ३४: करखात्याची ४१ कोटींची मागणी, अपील प्रलंबित, ‘व्यवस्थापनाच्या मते देणे लागणार नाही’. चष्मा पुसून दोनदा वाचलं.

नेटवर्थच्या दोन तृतीयांश रकमेचा वाद १४७व्या पानावर? कंपनी कायद्यातल्या ताळेबंदाच्या जुन्या नमुन्यात, शेड्यूल सहामध्ये, संभाव्य देणी (अजून नक्की न झालेली, पण अंगावर येऊ शकणारी) ताळेबंदाच्याच पायाशी, खऱ्या अर्थाने तळटीप म्हणून यायची. २०११-१२ पासून नवा नमुना आला आणि ती नोट्समध्ये गेली. आता नोट्सच पन्नास-साठ पानांच्या. मला ती जुनी तळटीप परत हवी आहे.

सही_शिक्का:
सीए म्हणून लिहितो. कंपनी कायद्यात नोट्स हा आर्थिक पत्रकांचाच भाग आहे, मागे जोडलेली पुरवणी नव्हे. ऑडिटरची सही त्यांनाही लागू असते. तुम्ही पान २ वाचून थांबलात तर दोष पान १४७ चा कसा?

आणि मागणी म्हणजे देणं नव्हे. पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त असेल तर तरतूद करायची, म्हणजे आकडा थेट ताळेबंदात. त्याहून कमी असेल तर नोट. अगदीच नगण्य असेल तर नोटही नाही. मार्चअखेरीस अधिकारी अवाच्या सवा मागण्या काढतात, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा. ते आकडे पुढच्या पानावर छापले तर चांगल्या कंपन्याही बुडीत दिसतील.

निवृत्त_कॅशियर:
जमाखर्ची, तुमची तळटीप मेलेली नाही! कुठल्याही व्यापारी बँकेचा ताळेबंद काढा. बेरजेच्या खाली आजही ओळ असते: संभाव्य देणी, परिशिष्ट १२, आणि समोर रक्कम. बँकिंग कायद्याचा नमुनाच तसा आहे. बँकांना जमतं तर कंपन्यांना का नाही? एका ओळीला कितीशी शाई लागते?

सही_शिक्का:
काका, उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत. त्या ओळीत गॅरंट्या, एलसी (ग्राहकाच्या वतीने पैसे देण्याची बँकेची हमीपत्रं) आणि परकीय चलनाचे फॉरवर्ड करार (पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवणारे) सगळं एकत्र असतं. काही मोठ्या बँकांत तो आकडा ताळेबंदाच्या बेरजेलाही मागे टाकतो. बघून घाबरायचं की नाही, ते परिशिष्ट १२ उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणजे नोटच वाचायची ना शेवटी?

निवृत्त_कॅशियर:
पण उघडावंसं वाटतं ते त्या ओळीमुळेच. दाराला घंटा असते, ती काही पाहुण्याची ओळख सांगत नाही.

तिसरं_वर्ष_आर्टिकल:
एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचं कुणीच काढलं नाही म्हणून मी काढतो. २००० च्या अहवालात १६व्या टिपेत लिहिलं होतं की कंपनीच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हाताखालच्या भागीदाऱ्यांशी व्यवहार झाले. भाषा इतकी गुळमुळीत की वाचूनही नीट कळू नये. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी अर्ज केला. ‘उघड केलं’ आणि ‘सांगितलं’ यात फरक आहे, सर.

भाडेकरारांचंही तेच. दुकानांची, विमानांची वर्षानुवर्षांची भाडी नोट्समध्ये असायची. १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ हे भाडेकरारांचं भारतीय लेखामानक आलं आणि बहुतेक करार ताळेबंदात आले. सगळं नोट्समध्ये पुरेसं दिसत होतं, तर हे करावं का लागलं?

सही_शिक्का:
भाड्याचा करार सही झालेला असतो, हप्ता ठरलेला असतो, मोजता येतो. अपिलातली मागणी तशी नाही. शिवाय तरतूद केलीत की समोरचा वकील म्हणणार, बघा, यांनीच कबूल केलं.

एन्रॉनचं मात्र मान्य. चुकीचा हिशेब नोट लिहून बरोबर होत नाही, आर्थिक पत्रकं कशी मांडायची ते सांगणारं इंड एएस १ सुद्धा हेच सांगतं. पण इथे हिशेब चुकलाय असं अजून कुणी दाखवलेलं नाही. जमाखर्ची, नोट ३४ मध्ये मागच्या वर्षीचा रकाना असेल. तिथे किती आहे?

जमाखर्ची:
थांबा, बघतो.

१२ कोटी.

आणि मागच्या वर्षीचा अहवालही काढला. खालचं वाक्य काना-मात्रेसकट तेच आहे. २९ कोटी वाढले, पण कुठल्या वर्षांचे, कुठल्या अपिलात, एक अक्षर नाही.

सही_शिक्का:
हं. हे वाईट आहे. नोट असायला माझी हरकत नव्हती, पण ही नोट नाही, कॉपी-पेस्ट आहे. सभेआधी कंपनी सेक्रेटरीला लेखी विचारा. दोन्ही वर्षांची पानं जोडा.

निवृत्त_कॅशियर:
आणि उत्तर आलं की इथे टाका. मीही चष्मा पुसून ठेवतो.