'मॅक्रो एक्सपान्शन': विस्तार, उकल की आणखी काही?

टिळकवाडीकर: एम४ (मजकुरातल्या मॅक्रोंच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या नावांच्या, जागी त्यांचा मजकूर बसवणारा प्रोग्राम) वापरून शेल स्क्रिप्ट, म्हणजे शेलने चालवायच्या कमांडची फाइल, कशी तयार करायची, यावर मराठीत पुस्तिका होतेय. या बसवण्यालाच 'एक्सपान्शन' म्हणतात. 'एक्सपान्शन'ला 'विस्तार' लिहिलं, ते तपासणाऱ्यांनी खोडलं. डीएनएल हा मॅक्रो स्वतः नाहीसा होतो आणि ओळीचा उरलेला भागही, ओळ संपवणाऱ्या चिन्हासकट, गिळतो, मग विस्तार कसला? शब्द सुचवा.

शहापूर_पेठ: उकल. कोट म्हणजे मजकूर जसाच्या तसा ठेवायला त्याभोवती घातलेली चिन्हं. एम४ दर खेपेला कोटाचा एकच पदर काढतो. मॅक्रोचं नाव आउटपुटमध्ये जसंच्या तसं हवं असेल तर कधी कधी दोन पदर द्यावे लागतात. घडी उकलावी तसंच हे.

खानापूरचा: मोडी कागदाची उकल होते, कोड्याची होते. इथं कोडं कुठलं? कन्नडात 'बिच्चु' म्हणतात, गाठ सोडणं. 'सोडवणे' घ्या.

निपाणीकर: अण्णा, 'एक्सपांड होतंय' असंच सगळे बोलतात, तेच लिहा की. 'अण्णा', 'अक्का' कानडीतून आले आणि आज मराठीच आहेत. त्यापेक्षा कोटाचं आधी नीट समजवा. १९७७ च्या मूळ एम४ पासून कोट ` ने उघडतो आणि ' ने मिटतो. शेलमध्ये दोन्ही चिन्हांना वेगळी कामं आहेत. म्हणून सुरुवातीलाच चेंजकोटने, म्हणजे कोटाची चिन्हं बदलणाऱ्या मॅक्रोने, [ ] करून घ्यायचे, एम४ वर चालणारं ऑटोकॉन्फ हे साधन तेच करतं. मग एम४ ने कंस काढून टाकू नयेत म्हणून शेलच्या अटीत चौकटी कंस टाळून 'टेस्ट' ही कमांड लिहायची, आणि शेलच्या 'केस' रचनेतल्या पॅटर्नमधले कंस दुहेरी द्यायचे.

शहापूर_पेठ: चेंजकोटला चिकटून डीएनएल हवाच. नाहीतर वर रिकामी ओळ उरते, स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रामने चालवायची ते सांगणारं #! दुसऱ्या ओळीवर जातं आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ते ओळखत नाही. फाइलचे पहिले दोन बाइट #! च लागतात.

खानापूरचा: डिफाइनच्या (मॅक्रो ठरवणाऱ्या मॅक्रोच्या) आत शेलचा $१, म्हणजे स्क्रिप्टला दिलेलं पहिलं आर्ग्युमेंट (मूल्य), लिहिला तर एम४ तो आपलाच समजून तिथं मॅक्रोचं पहिलं आर्ग्युमेंट बसवतो, आर्ग्युमेंट नसेल तर जागा रिकामी. $ आणि १ यांच्यामध्ये [] घाला. मॅक्रो सुटला की तो रिकामा कोट गळतो आणि शेलला $१ मिळतो.

शहापूर_पेठ: 'सुटला' नव्हे, 'उकलला'.

टिळकवाडीकर: मग 'उकल' पक्कं करू का?

निपाणीकर: शेलच्या $# चं, म्हणजे आर्ग्युमेंटच्या संख्येचं, पुस्तिकेत आहे का? एम४ च्या लेखी # म्हणजे टिप्पणीची सुरुवात. कोटाबाहेर $# आला की त्या ओळीतला पुढचा एकही मॅक्रो एक्सपांड होत नाही, एररही येत नाही. [$#] असं कोटात ठेवा.

खानापूरचा: किंवा टिप्पणीचं चिन्ह ठरवणारा चेंजकॉम नुसता, आर्ग्युमेंटशिवाय, देऊन एम४ च्या टिप्पण्याच बंद करा.

निपाणीकर: तसं केलं तर शेलच्या टिप्पणीत मॅक्रोचं नाव आलं की तेही एक्सपांड होतं. तिथं डीएनएल शब्द लिहिला तर पुढची ओळ त्याच टिप्पणीला जोडली जाते आणि ती कमांड चालतच नाही.