पोकरमध्ये मोठी रक्कम जिंकलात, तर नोकरी सोडाल का? अनुभव लिहा

२००३ मध्ये ख्रिस मनीमेकर हा अकाउंटंट एका स्वस्तातल्या ऑनलाइन स्पर्धेतून पात्र ठरला, लास वेगासला गेला आणि वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकला. २५ लाख डॉलर मिळाले आणि पुढे त्याने नोकरी सोडली. २०२३ मध्ये डॅनियल वाइनमन या सॉफ्टवेअर इंजिनिअरने १०,०४३ प्रवेशांमधून तीच स्पर्धा जिंकली, बक्षीस १ कोटी २१ लाख डॉलर. अशी बातमी वाचली की मला वाटतं, आता सोमवारी सकाळी हा माणूस काय करेल? तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या वाट्याला मोठी जीत आली असेल तर पुढे काय झालं ते सविस्तर लिहा. आली नसेल तरी मनातलं सांगा.

*

मी हिशेब तपासणीच्या कामात आहे. पहिला आलो त्या स्पर्धेची रक्कम माझ्या काही वर्षांच्या पगाराएवढी होती. शेवटी आम्ही दोघंच उरलो. माझ्याकडे राण्यांची जोडी, त्याच्याकडे एक्का-राजा, आणि सगळ्या चिप्स मधोमध. अशा वेळी राण्यांचं पारडं जरासंच जड असतं, शंभरात पंचावन्नच्या आसपास. पहिली तीन पानं बारकी आली. चौथा गुलाम. पाचवं पान उलटलं, चौकटची पंजी, आणि समोरच्याने लगेच हात पुढे केला. तिथे एक्का किंवा राजा पडला असता तर तो डाव त्याचा होता. म्हणून ‘आपल्याला खेळ जमतो, नोकरी कशाला’ हे मला पटेना.

शिवाय सगळी रक्कम माझी नव्हतीच. एंट्री फी एकट्याला झेपणारी नव्हती, म्हणून बक्षिसातला बराच हिस्सा मित्रांना आधीच विकला होता. २००९ चा विजेता जो काडा याचंही तेच, वयाच्या २१ व्या वर्षी जिंकला, पण निम्मी रक्कम पैसे लावणाऱ्यांची. वर कर. उरलेल्यात घराचं कर्ज फिटलं. नोकरी तीच आहे. मात्र साहेबांनी बदलीचं विचारलं तेव्हा ‘विचार करून सांगतो’ म्हणालो. पूर्वी मान डोलावून मोकळा झालो असतो.

*

मी सोडली. आता हाच व्यवसाय आहे, म्हणून बातमीत न येणारी बाजू सांगतो. मोठी जीत म्हणजे पगार नव्हे. त्यातला मोठा भाग पुढच्या एंट्र्यांसाठी बाजूला ठेवावा लागतो, त्या बँकरोलला घरखर्चासाठी हात लावायचा नाही. उत्तम खेळणारेही महिनोन्‌महिने तोट्यात जातात. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीपुढे पाचात साधारण एकदा हरते, आणि ते पचवून पुढचा डाव शांतपणे खेळायचा असतो. जिंकलेले डावही मी रात्री पुन्हा तपासतो, कारण चांगलं पान आलं की वाईट निर्णय झाकला जातो. सहकारी नाहीत, भरपगारी रजा नाही, आणि बँक उत्पन्नाचा दाखला मागते तेव्हा अडचण होते. तरी मला हे काम मनापासून आवडतं. पुन्हा निवडायचं झालं तर हेच निवडेन.

*

खेळतो नवरा, लिहितेय मी. आनंद झालाच, पण आठवड्याभरात वर्षानुवर्षं न बोललेल्यांचे फोन सुरू झाले. कुणाला दुकान टाकायचं होतं, कुणाला गाडी हवी होती. आम्ही ठरवलं की वर्षभर कुणालाच हो म्हणायचं नाही आणि ठेव दोघांच्या सहीशिवाय मोडायची नाही. हे त्यानेच सुचवलं, याचं मला फार कौतुक आहे. स्टू उंगर १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीनदा मुख्य स्पर्धा जिंकला, आणि १९९८ मध्ये गेला तेव्हा गाठीला जवळपास काहीच नव्हतं. घरात त्याचं नाव निघतं ते मीच काढते म्हणून.

*

मी शिक्षिका आहे. कितीही जिंकले तरी शिकवणं सोडणार नाही. एखाद्या मुलाला अडलेलं गणित सुटताना त्याचा चेहरा बघायला मिळतो, ते मला सोडवत नाही.

*

माझ्या बाबतीत त्या पैशाने वेळ मिळाला. वडील अंथरुणाला खिळले होते. मी बिनपगारी रजा टाकली आणि त्यांच्याजवळ राहिले. त्यांना भरवणं, कूस बदलून देणं, दुपारी पेपर वाचून दाखवणं, सगळं स्वतः केलं. ते गेल्यावर त्याच नोकरीत परत रुजू झाले. बाहेरून बघणाऱ्याला माझ्यात काहीच बदललेलं दिसणार नाही.

हिशेब तपासणीवाल्या दादांना एक विचारायचंय. हिस्से विकताना लेखी काही केलं होतं का? २००६ च्या विजेत्या जेमी गोल्डचा वाद निम्म्या बक्षिसावरून कोर्टात गेला होता. माझा धाकटा भाऊ पुढची स्पर्धा असेच हिस्से विकून खेळणार आहे, आणि सगळं तोंडीच चाललंय. तुमच्याकडे कराराचा मसुदा असेल तर त्यात काय काय लिहिलं होतं तेवढं सांगा.