प्रति: साध्या किमोनोवरून माइको दिसेल का?

वर विचारलंय की साधा किमोनो आणि तयार गाठीचा ओबी (कमरपट्टा) घेतला तर क्योतोच्या माइकोचा, म्हणजे शिकाऊ गेइशाचा, पोशाख जमेल का. नाही जमणार, आणि कारण लांबीत आहे. माइकोचा हिकिझुरी, म्हणजे लांब किमोनो, जमिनीवर लोळतो, त्याच्या काठात कापूस भरलेला असतो, म्हणून घेर पसरतो. साध्या किमोनोची जास्तीची लांबी कमरेशी दुमडतात. तो तसाच खाली सोडला तरी काठ चपटा पडतो आणि पायात अडकतो.

खांद्यांवर आणि बाह्यांवर शिवलेल्या चुण्या विसरू नका. त्या बालवयाची खूण आहेत. त्या नसतील तर पोशाख थेट गेइकोकडे (शिक्षण पूर्ण झालेल्या गेइशाकडे) झुकतो. डावा पदर उजव्यावर. उलटा फक्त मृताला नेसवतात.

दारारी ओबी साधारण पाच-सहा मीटरचा, जड. दोन्ही टोकं घोट्यांपर्यंत लोंबतात, टोकाशी ओकियाचं (माइको जिथे राहते त्या घराचं) चिन्ह. तो बांधायला बहुधा पुरुष नेसवणारा, ओतोकोशी, लागतो. आधी कमरेचा खळगा टॉवेलने भरा, नाहीतर तासाभरात ओबी घसरतो. पुढे पोच्चिरी हे मोठं रत्नजडित बक्कल.

सगळ्यात जास्त चूक होते ती दर्जा मिसळण्यात. पहिल्या वर्षाच्या माइकोची कॉलर लाल, वारेशिनोबू केशरचना, केसांत लोंबती फुलं आणि रंग फक्त खालच्या ओठाला. पांढऱ्या भरतकामाने झाकलेली कॉलर ज्येष्ठांची. फुलं महिन्याप्रमाणे: एप्रिलला साकुरा (चेरीची फुलं), नोव्हेंबरला मेपल.