मदत हवी आहे: एकाच घरात, पण वेगळ्या खोल्यांत

नवऱ्याची कोविड वॉर्डात ड्युटी आहे. मला लागण होऊ नये म्हणून तो दोन महिने वेगळ्या खोलीत राहतोय. रात्री व्हिडिओ कॉल करून पाहिला. सगळा वेळ रुग्णसंख्या आणि सामानाच्या यादीतच जातो. मग जोडप्यांच्या नात्यांवर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सुचवतात तसं, उपाय न सांगता २० मिनिटं फक्त एकमेकांचं ऐकायचं ठरवलं. मला फार बरं वाटलं. तो मात्र म्हणाला, "वॉर्ड पुन्हा आठवायला नको." त्याचंही खरंच आहे. भांडण काही नाही. समुपदेशनाला तो सध्या तयार नाही, ड्युटीच्या वेळाही बदलत्या. जोडीदार असा दमून गप्प होतो तेव्हा, त्याला बोलायला न लावता, दाराच्या अलीकडूनच सोबत जाणवावी म्हणून तुम्ही रोज नेमकं काय करता?