एकट्याच्या पगारावर दोन मुलं: महिनाअखेरीला कमी पडणारे पैसे कुठून उभे करायचे?

एकखांबी:

घरात कमावणारं माणूस एक आणि मुलं दोन, वय ११ आणि ५. महिन्याची मिळकत १०० धरून आकडे देत आहे, म्हणजे हिशेब कुणालाही लावून बघता येईल.

घरभाडं ३४, स्वयंपाकघर (इंधन धरून) २६, शाळा आणि पाळणाघर १६, जाणं-येणं ७, वीज-पाणी-फोन ६. त्यावर देणी अशी: क्रेडिट कार्डाची किमान रक्कम ३ (बाकी ६०, व्याज महिन्याला ३ टक्के), फ्रिजचा हप्ता ८ (सहा हप्ते राहिलेत), नातेवाइकाकडून घेतलेल्या बिनव्याजी पैशांचे ६ (अजून ४८ द्यायचे आहेत). बेरीज १०६ होते. वरचे ६ कार्डावर जातात. पोटगी ठरलेली आहे, पण एखाद्या महिन्यात येते, एखाद्या महिन्यात नाही, म्हणून ती १०० मध्ये धरलेली नाही.

तीन प्रश्न आहेत. कुठलं देणं आधी फेडावं? २२ तारखेनंतर हातात काहीच राहत नाही, त्याला उपाय काय? आणि संध्याकाळचं दोन तासांचं जादा काम मिळतंय, ते घ्यावं का? पाळणाघर जास्त वेळाचे वेगळे पैसे घेतं.

हिशेबनीस:

आकडे असे मांडलेत हे फार बरं झालं, कारण खरी गळती कुठे आहे ते यातून लगेच दिसतं. कार्डावर ६० बाकी, ३ टक्क्यांनी महिन्याचं व्याज १.८. तुम्ही भरता ३, म्हणजे मुद्दल कमी होतं फक्त १.२. त्याच महिन्यात नवे ६ कार्डावर चढतात. महिन्याच्या शेवटी बाकी ६४.८. दर महिन्याला न चुकता पैसे भरूनही कर्ज वाढतंच आहे. त्यातच बहुतेक कार्डांवर जुनी बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. त्यामुळे कार्डावर नवा खर्च थांबवणं हे पहिलं काम. ते झाल्याशिवाय कुठलं देणं आधी या चर्चेला अर्थ नाही.

थांबवायचं तर ६ कुठून आणायचे? नातेवाइकाच्या ६ मधून. हे वाचून अवघडल्यासारखं होईल, पण बिनव्याजी देणं सहा महिने थांबलं तर वाढत नाही, कार्डाचं वाढतं. नातेवाइकाला सहा महिन्यांची सवलत मागा. बेरीज १०० वर येते आणि कार्ड कपाटात जातं.

सहा महिन्यांनी कार्डाची बाकी साधारण ५२ असेल आणि फ्रिजचे ८ मोकळे होतील. त्यातले ३ नातेवाइकाला सुरू करा, ५ कार्डाकडे वळवा, म्हणजे कार्डाला महिन्याला ८. आठव्या महिन्यात कार्ड शून्यावर येतं. आजपासून धरलं तर चौदा महिने. नुसती किमान रक्कम भरत राहिलात (समजा बाकीच्या ५ टक्के), तर नवीन काही न घेताही बाकी निम्मी व्हायलाच ३२ महिने लागतात. किमान रक्कम उतरत्या बाकीवर काढतात, त्यामुळे ती स्वतःच लहान होत जाते आणि कर्ज लांबतं. म्हणून भरायचा आकडा ठरवून टाकायचा आणि बिलावर कमी दिसला तरी तोच भरायचा.

फ्रिजचा हप्ता मुदतीआधी फेडायच्या नादी लागू नका. अशी कर्जं बऱ्याचदा सरळ व्याजाने दिलेली असतात, म्हणजे व्याज पूर्ण मुद्दलावर पूर्ण मुदतीसाठी आधीच धरलेलं असतं. शेवटचे सहा हप्ते एकदम भरून सहसा फारसं काही वाचत नाही, उलट आगाऊ फेडीचा आकार लागू शकतो. पुढे कधी हप्त्यावर वस्तू घ्यावी लागली तर हे लक्षात ठेवा: एका वर्षाच्या कर्जावर '१२ टक्के सरळ' म्हणून सांगितलेला दर उतरत्या बाकीवर मोजला तर २१ टक्क्यांच्या वर जातो. दर विचारायचाच नाही. 'हातात किती मिळणार आणि एकूण किती परत द्यायचे' हे दोन आकडे कागदावर मागायचे.

कार्डाची बाकी कमी व्याजाच्या ठरावीक हप्त्यांत बदलून मिळते का, हेही विचारा. मिळाली तर प्रक्रियेचा आकार धरून एकूण रक्कम काढा. पण हे करायचं ते कार्ड खरंच बंद राहणार असेल तरच. नाहीतर काही महिन्यांत हप्ताही असतो आणि कार्डावर नवी बाकीही.

तारीखवार:

वर देण्यांचं उत्तर बरोबर आहे. पण २२ तारखेचा खड्डा हा थोडा वेगळा आजार आहे. बेरीज जुळली तरी तारखा जुळल्या नाहीत तर हात रिकामाच राहतो.

एक आडवा कागद घ्या आणि १ ते ३१ तारखा लिहा. प्रत्येक तारखेसमोर काय येतं, काय जातं आणि शिल्लक किती, हे मांडा. असं काहीसं:

१: भाडं −३४
५: फ्रिज −८
७: पगार +१००
८: कार्ड −३
१०: शाळा, पाळणाघर −१६

हा नमुना आहे, पण बहुतेकांचा कागद असाच निघतो: पगार ७ ला आणि मोठी देणी त्याच्या आधी. म्हणजे मागच्या पगारातले ४२ महिनाभर न खर्चता जपून ठेवायचे असतात, आणि ते जपले जात नाहीत. उपाय तारीख हलवण्याचा. घरमालकाला ९ तारीख मागा. कर्ज देणाऱ्याकडे हप्त्याची तारीख बदलण्याचा अर्ज करा, बऱ्याच ठिकाणी तो मान्य होतो. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पगारानंतर दोन-तीन दिवसांनी ठेवा, पगाराच्याच दिवशी नको. मध्ये सुट्टी आली की पगार एक दिवस उशिरा जमा होतो, हप्ता परत जातो आणि दंड दोन्हीकडून बसू शकतो, बँकेचाही आणि कर्ज देणाऱ्याचाही.

स्वयंपाकघराचे २६ आठवड्यांत वाटताना चार भाग करू नका. चार भाग केले की आठवड्याला ६.५ येतात आणि २८ व्या दिवशी पैसे संपतात. ३० दिवसांनी भागून ७ ने गुणा: आठवड्याला ६, आणि शेवटच्या दोन दिवसांचे पावणेदोन वेगळ्या पाकिटात. आठवडा खरेदीच्या दिवशी सुरू करा, सोमवारीच करायला हवा असं नाही. आठवड्याचे पैसे आधीच संपले तर पुढच्या पाकिटाला हात न लावता काय संपलं ते लिहून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत तोच तो खर्च समोर येतो. तो बहुधा थकव्याचा असतो: उशिरा घरी आल्यावर बाहेरून आणलेलं जेवण. त्यावर निश्चयाचा उपयोग होत नाही. घरी अर्ध्या तासात होणारे दोन ठरलेले पदार्थ आणि त्यांचं सामान कायम असलं की तो खर्च आपोआप उतरतो.

आणि एक मोठी गोष्ट तुमच्या यादीत नाहीच. गणवेश, वह्या-पुस्तकं, बूट, वार्षिक फी, सणाचे कपडे, डॉक्टर. हे महिन्याला येत नाहीत म्हणून हिशेबात धरले जात नाहीत, आणि आले की कार्ड बाहेर येतं. मागच्या वर्षीचे आठवून लिहा. बेरजेला बाराने भागू नका, पुढची फी भरायला जितके महिने उरलेत तितक्यांनी भागा. पाच महिन्यांवर फी आली असेल आणि तुम्ही बारावा हिस्सा बाजूला टाकत असाल, तर त्या दिवशी निम्मीसुद्धा जमलेली नसेल. हे पैसे वेगळ्या खात्यात, ज्याचं कार्ड जवळ नाही अशा. रोजच्या खात्यातले 'बाजूला ठेवलेले' पैसे बाजूला राहत नाहीत.

हिशेबनीस यांच्याशी एका ठिकाणी मतभेद आहे. मोकळे झालेले ५ लगेच कार्डाकडे वळवू नयेत. आधी स्वयंपाकघराच्या दोन आठवड्यांइतके, म्हणजे १२, रोख जमू द्यावेत. घरात दुसरी मिळकत नाही. मुलाला ताप आला की सुट्टी, आणि काही नोकऱ्यांत सुट्टी म्हणजे पगारकपात. हाताशी काही नसेल तर तो एक ताप सगळी योजना मोडतो.

हिशेबनीस:

मान्य. फक्त हे १२ पोटगी येईल तेव्हा त्यातून आधी जमवावेत. मग कार्डाचं वेळापत्रक हलत नाही.

दोरी_पाळण्याची:

जादा कामाबद्दल. पगार किती हे बघू नका, हातात किती उरतं ते बघा. उदाहरणादाखल, महिन्याला २० संध्याकाळी, दोन-दोन तास, पगार १८. पाळणाघराच्या जादा वेळेचे ५, प्रवास २, उशीर झाल्यामुळे बाहेरचं जेवण ३. उरले ८. तास ४०, त्यात जाण्या-येण्याचा रोजचा अर्धा तास धरला की ५०. म्हणजे तासाला ०.१६. दिवसाच्या नोकरीत, २६ दिवस आणि आठ तास धरले तर, तासाला ०.४८ पडतात. एक तृतीयांश दराने तुम्ही मुलांची संध्याकाळ विकताय.

तरीही हे काम लगेच नाकारा असं मी म्हणणार नाही. महिन्याची तूट ६ आहे आणि यातून ८ उरतात. नातेवाइकाने थांबायला नकार दिला तर फ्रिजचे हप्ते संपेपर्यंत सहा महिने हे काम घेणं समजण्यासारखं आहे. पण शेवटचा महिना आजच ठरवा आणि मोठ्या मुलाला तो सांगा. मुदत नसलेलं जादा काम घरखर्चात मुरतं, मग सोडता येत नाही.

त्याआधी दोन गोष्टी विचारून बघा. सध्याच्याच ठिकाणी मुलं शाळेत असतात त्या वेळात वाढीव तास मिळतात का? आणि त्याच पाळणाघरात मूल असलेल्या दुसऱ्या पालकाशी अदलाबदल होते का? दोन संध्याकाळी त्यांचं मूल तुमच्याकडे, दोन संध्याकाळी तुमची मुलं त्यांच्याकडे. पैसे मध्ये आणायचे नाहीत, वहीत तास मांडायचे आणि महिन्याला फिटंफाट करायची. तास लिहिले नाहीत तर एकाला वाटतं आपणच जास्त करतोय, आणि व्यवस्था तिथेच तुटते. एक पूर्वअट मात्र सोडू नका: त्या घरात कोण-कोण असतं हे स्वतः जाऊन बघा, आणि मुलांना विचारा.

अकरा वर्षांच्या मुलावर पाच वर्षांच्याची रोजची जबाबदारी टाकून पाळणाघर वाचवू नका. एखादा तास शेजाऱ्यांचं लक्ष असताना ठीक. स्वयंपाक, आंघोळ, दार उघडणं हे सगळं रोज त्याच्यावर आलं की अभ्यास आणि झोप दोन्ही जातात.

कागद_जपा:

पोटगी १०० मध्ये धरली नाही हे अगदी बरोबर. पण ती सोडूनही देऊ नका, ते मुलांचे पैसे आहेत. रोख घेऊ नका, खात्यातच घ्या. एका वहीत चार रकाने करा: महिना, ठरलेली रक्कम, आलेली रक्कम, तारीख. थकल्यावर फोनवर न भांडता लेखी मागणी पाठवा, 'अमुक दोन महिन्यांची इतकी बाकी आहे, अमुक तारखेपर्यंत जमा करावी' इतकीच. पोटगी न्यायालयाच्या आदेशाने ठरलेली असेल तर थकबाकीच्या वसुलीसाठी अर्ज करता येतो, आणि तिथे ही वही आणि खात्याचा उतारा हाच पुरावा. वकील परवडत नसेल तर मोफत कायदेशीर मदतीची चौकशी करा. मुलांच्या भेटी मात्र पैशांशी बांधू नका. त्यात मुलांचं नुकसान आहे आणि न्यायालयात तुमची बाजूही लंगडी पडते.

दुसरं, घर एका खांबावर उभं असेल तर विमा त्या खांबाचा हवा. मुलांच्या नावाच्या बचत-विम्याचे हप्ते भरणारे पुष्कळ दिसतात, पण कमावणारं माणूस गेलं तर उपयोगी पडतो तो कमावणाऱ्याचा शुद्ध मुदत विमा. त्यात बचत नसते, म्हणून कमी हप्त्यात मोठं संरक्षण मिळतं. मुलं अज्ञान असताना नुसतं त्यांचं नाव वारस म्हणून लावलं तर रक्कम कोणाच्या हातात द्यायची हा प्रश्न उभा राहतो. पैसे स्वीकारायला एका सज्ञान, विश्वासाच्या माणसाचं नावही नोंदवा. मुलांना कोण सांभाळेल हे मृत्युपत्रात लिहा, त्या माणसाला आधी विचारून.

आणि कुणाच्याही कर्जाला जामीन राहू नका. कितीही जवळचं माणूस असलं तरी. दुसऱ्याने हप्ता चुकवला की मागणी तुमच्याकडे येते.

एकखांबी:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज रात्री तारखांचा कागद करायला घेते. एकच अडलंय. नातेवाईक वयाने मोठे आहेत, मनाने चांगले आहेत, पण 'थांबा' कसं म्हणायचं? आणि ते नाही म्हणाले तर?

हिशेबनीस:

ताई, हप्ता चुकण्याच्या आधी बोला. चुकल्यावर दिलेलं कारण सबबीसारखं ऐकू येतं. शक्यतो समोर बसून सांगा आणि मग हेच लिहून पाठवा:

'काका, तुमचे ४८ द्यायचे आहेत. पुढचे सहा महिने मला हप्ता देता येणार नाही, कारण कार्डाचं व्याज आधी थांबवायचं आहे. सातव्या महिन्यापासून दर महिन्याच्या १० तारखेला ३ देईन. कार्ड फिटलं की ६ वर जाईन. मध्ये तुम्हाला अडचण आली तर सांगा, मी काहीतरी मार्ग काढेन.'

आकडा आणि तारीख असली की समोरच्याचा जीव भांड्यात पडतो. 'जमेल तसं देईन' असं म्हणू नका, त्याचा अर्थ 'देणार नाही' असा घेतला जातो. ते नाही म्हणाले तर निम्म्यावर या: आतापासूनच ३. मग तूट ३ उरते. जादा कामाच्या वीसऐवजी आठ संध्याकाळी घेतल्या तर वरच्या हिशेबाने त्यातून ३.२ सुटतात.

तारीखवार:

आणि ती १० तारीख कागदावर आत्ताच लिहून ठेवा. सातव्या महिन्यात शाळेची फी येत असेल तर पहिला हप्ता आठव्यापासून सांगा, तोही आजच.