बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड घरच्या घरी कमी करता येतं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, गावच्या हँडपंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आलंय, टेस्टमध्ये लिटरला 2.8 मिलिग्रॅम निघालं आणि मर्यादा 1, दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत. शाळेतल्या पोरांचे दात बघवत नाहीत, पुढच्या दातांवर आडवे पिवळे-तपकिरी पट्टे आलेत, आणि म्हाताऱ्या माणसांना खाली बसलं की उठता येत नाही. उकळून उपयोग नाही हे माहितीये, उलट पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं, साधा कँडल फिल्टरपण ते काढत नाही. आरओ परवडत नाही आणि त्यात पाणी खूप वाया जातं.

नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची नालगोंडा पद्धत वाचली, तुरटी आणि चुना घालून ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी घ्यायचं. पण रोज घरोघरी तुरटीचं माप कोण सांभाळणार, जास्त पडली तर अ‍ॅल्युमिनियम पाण्यात उतरणार ना? हाडांचा कोळसा चांगला चालतो म्हणतात पण गावात तो कुणी पिण्याच्या पाण्यात घालू देणार नाही, आणि मला ते पटतंच. म्हणून राइस मिलमधल्या तुसाच्या राखेवर तुरटीचा थर देऊन फिल्टर करायचा विचार आहे, नुसती राख फारसं फ्लोराइड धरत नाही.

कुणी प्रत्यक्ष केलंय का? मडक्यात थर किती जाड ठेवायचा, राख कधी बदलायची हे कसं ओळखायचं, आणि वापरलेली राख कुठे टाकायची? शेतात टाकायची भीती वाटते. प्लीज अनुभव असेल तर सविस्तर लिहा, पाणी परत टेस्ट केल्याशिवाय कुणाला प्यायला देणार नाहीये.